गोदीच्या हातचा घास

भातकुली, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १७८५

चिरंजीव किसनराव यास आई मैनाबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे ठीक, तिकडची खुशाली कळवणे. विशेष, घरची गोष्ट घरात राहावी म्हणून गुरुजींकडून न लिहवता मीच वाकडंतिकडं लिहिलं. नीट वाच.

भाऊबीजेले तुझ्या जयवंतानं अन्न सोडल्याचा तिसरा दिवस होता. मीच गोदीले म्हटलं, ओवाळून झालं, आता भावाले घास भरव. त्यानं खाल्ला. तुमी नाचले, मीबी नाचले. तेव्हापासून तो फक्त तिच्याच हातचं खाते अन् बिथरला की तिलेच चावते. तुझा गाडीवान सांगत होता, दंडावर दातांचे वण हायेत. नऊ वर्षांची पोर ती! जयवंताच्या मनाचं दुखणं माझ्या हातचं नाही. पण गोदीले कोणतं दुखणं आहे? तिले महिनाभर इकडे पाठव. कापसानं यंदा सोनं झालं म्हणतोस, मग बैलांची एक दमणी जुंपाले काहून जड जाते?

रागावलास तरी माया तोडू नको.

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध १३

तीर्थरूप मातोश्रींचे सेवेशी किसनरावाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष, पातूरचे वैद्य झाले, अंगारे झाले; जयवंताचे तसेच आहे. कापसाच्या ढिगातून कोणी हाक मारते म्हणतो. त्याच्या आईला रडायलाही फुरसत नाही. गोदी शहाणी, कधी तक्रार करीत नाही. आपला हट्ट म्हणून तिला पाठवीत आहे. तोवर तिची आई गोदीच्याच वाटीतून त्याला भरवून पाहील.

लेकरावर लोभ आहे तो वाढता ठेवावा.

भातकुली, मार्गशीर्ष वद्य ९

चिरंजीव किसनराव यास आशीर्वाद. पोर पोचली. शहाणी म्हणतोस तिले? दबली आहे ती. पहिले दोन दिवस घास हातात धरून बसे, कोणी तोंड उघडते काय म्हणून पाहे. मी खेकसले, तुझं तोंड काय भाड्यानं दिलं? तवा हसली. काल वेचणीच्या बायांशी बोरांवरून भांडली अन् मले शोभेल अशी शिवी दिली. दोन भाकरी खाल्ल्या. मग मले विचारते, आजी, मी चावलं तर मलेबी कोणी भरवन काय? तुले उत्तर सुचलं तर कळव.

तब्येत सांभाळून राहणे.

अकोला, मार्गशीर्ष वद्य १२

तीर्थरूप मातोश्रींस साष्टांग नमस्कार. जयवंता आठ दिवस कसाबसा दुधावर राहिला, मग वाटी भिंतीवर फेकली. आज पाचवा दिवस, पोटात पाण्याशिवाय काही नाही. पत्रासोबतच दमणी पाठवली आहे. आई, गोदीचे मला कळत नाही असे नाही. पण दोघांत आधी कोणाला पाहू, ते आपणच सांगावे.

चुकल्याची क्षमा असावी.

भातकुली, पौष शुद्ध १

चिरंजीव किसनराव यास आशीर्वाद. तुझं पत्र उघडायच्या आत गोदीनं दारातले बैल ओळखले अन् गाठोडं बांधलं. काहून बोलावलं, तेबी विचारलं नाही.

आधी कोणाले पाहू म्हणतोस. ठाऊक असतं तर मी दमणी रिकामी धाडली असती. साऱ्या भातकुलीले गप्प करणारी बाई मी, तिच्या गाठोड्याची गाठ तेवढी घट्ट केली.

एवढंच कर. तिले जयवंतापाशी बसवायच्या आधी तू तिले भरव, आपल्या हातानं. निघताना मी एक घास तिच्या तोंडात घातला. तिनं गिळला नाही. दमणी वळेपर्यंत गाल फुगलेलाच दिसत होता.

माझ्यावर जो लोभ आहे, तो तिच्या वाट्याले घाल.