ट्रॉल्या रंगवणाऱ्याचा येशू

पप्पा, तुमचं चित्र आता देवळात, आपल्या चर्चमध्ये आहे. वेदीमागे नाही, खिडकीजवळ स्टुलावर, पण आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी वीसेक माणसं त्याच्यासमोर अर्धा तास गप्प बसतात. आपली माणसं, अर्धा तास, गप्प! तुम्हाला खरं वाटणार नाही.

देवळाली प्रवरेत कारखान्याचा हंगाम लागायच्या आधी तुम्ही उसाच्या ट्रॉल्या रंगवायचात. उरलेल्या ऑइलपेंटने एका फळीवर तुम्ही येशूचा चेहरा काढलात, कुण्या फादरांनी दिलेल्या कार्डावरून. लांब नाक, बारीक तोंड, हे एवढाले डोळे. मी विचारलं, "पप्पा, हा रागावलाय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई गं. मागायचं-बिगायचं ऱ्हाऊ दे. गप बस, अन् त्याला तुझ्याकडं बघू दे." मग लोकांनीही पुढे गप्प बसावं म्हणून चित्र देवळाला द्यायला नेलंत आणि घोटाळा झाला. ट्रॉलीवर लिहायचात तसं सवयीने खाली कोपऱ्यात 'पेंटर', स्वतःचं नाव आणि गाव लिहून बसला होतात! पंचकमिटी खवळली. "येशूच्या खाली जाहिरात? आन् चित्रापुढं बसायचं हे कॅथलिकांचं, आपल्यात न्हाई चालत." तुम्ही भांडला नाहीत. घरी येऊन नाव तपकिरी रंगाने बुजवलंत, चित्र स्वयंपाकघरात टांगलंत आणि रोज सकाळी चहाआधी त्याच्यासमोर बसत राहिलात, शेवटपर्यंत. मला तेव्हा तुमची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की मी चित्रावर टॉवेल टाकायची.

नाताळानंतर नवे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. चहा गार होईपर्यंत चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे देवळात द्याल?" कमिटीत पुन्हा तोच वाद. एका नव्या पंचाने विचारलं, "काढलंय कुनी हे?" एरवी तिथे माझा आवाज फुटत नाही, पण मी उभीच राहिले. "माझ्या पप्पांनी. ट्रॉल्या रंगवायचे ते. पूजा न्हवते करीत, पुढं नुसते गप बसायचे. तुमीबी बसून बघा एक शुक्रवार." बसले. त्यानंतर कोणी 'चित्र हलवा' म्हणालं नाही. काय अभिमान वाटला म्हणून सांगू, पप्पा! ऊर नुसता भरून आला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते. शुक्रवारी सगळे चित्राकडे बघतात आणि मी सगळ्यांकडे बघते. कोणाचे डोळे भरले, कोण उठायचं विसरलं, माझं सगळं लक्ष तिकडे. आजवर एकाही शुक्रवारी माझ्याकडून प्रार्थना झालेली नाही.