नातीला झोपेचं औषध द्यावं की न द्यावं

ती. सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत का होईना पण जागेवर असतील आणि भावोजींची साखर त्यांच्या आवाजापेक्षा खाली असेल, असं धरून चालते.

इथे माझ्या डोक्याला ताप झालाय. पाच वर्षांची नात तीन महिने बारा-बारापर्यंत टक्क जागी. सूनबाई लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून येते, पेंगते, चिडते. तिला शेजारणीनं सर्दीच्या औषधाची बाटली दिली. (एक झाकण पाजलं की पोर सकाळपर्यंत गार, म्हणे. पोर आहे की माठ?) माझी शाळा चौथीत सुटली, पण पुड्यांचे कागद वाचून वाचून वाचायला शिकलेली बाई मी. बाटलीबरोबरचा कागद भिंग लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात झोप येणं हे दुष्परिणामांत छापलंय. मी म्हटलं, दुष्परिणामासाठी औषध पाजायचं म्हणजे राखेसाठी घर जाळायचं.

चिरंजीवांनी मधला मार्ग काढला. तो पडला घड्याळजी. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर स्वतःच्या मनगटावर चालवून मगच गिऱ्हाइकाला देतो. त्याच न्यायानं सकाळी दोन झाकणं स्वतः घेऊन दुकानात गेला. अकराला शेजारच्या चष्मेवाल्याचा फोन, की तुमचा मुलगा डोळ्याला भिंग लावून टेबलावर घोरतोय आणि गिऱ्हाईक आपल्या घड्याळाचे सुटे भाग मोजतंय. त्याला घरी आणून टाकलं, तर सूनबाई काय म्हणाली असेल?

"बघा, गुण आहे की नाही?"

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बाटली आपल्या खणात टाकली. एखाद्या मुलाला झोपेचं औषध लागतंही, पण ते नीट तपासून आम्ही ठरवायचं, शेजारणीनं नाही, म्हणाल्या. मग मूल कुणाजवळ निजतं, दिवा कधी मालवता, काही त्रास होतो का, अशी उलटतपासणी. माझ्याजवळ निजते, आठला मालवते, त्रास काही नाही, असं मी सांगितलं. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. तेव्हा सूनबाई गोळीच मागणार आहे. हल्लीच्या आयांना धीर म्हणून नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. डॉक्टरीणबाईंना एक सांगायचं राहिलं. पोरीचा डोळा साडेआठलाच लागतो. मीच थोड्या वेळानं विचारते, "झोपलीस का गं?" ती डोळे न उघडता म्हणते, "नाही आजी, बोल." मग मी बोलत बसते. बहुतेक ह्यांच्याबद्दलच. हे गेल्यापासून रात्री ऐकायला दुसरं आहे कोण?

आणखी एक. सूनबाईला हे आजच सांगते आणि पोरीला तिच्याजवळ निजवते. तू पंधरा दिवस माझ्या खोलीत येऊन राहशील का? घोरतेस, ठाऊक आहे. खुशाल घोर.