सात पिढ्यांचं बटण

३ मार्च, सोमवार.
साहेब म्हणाले, औषधदुकानांचं ॲप ज्याच्या पद्धतीनं उभं राहील, तो टीमचा प्रमुख. म्हणजे मीच. लगेच नारीनला, म्हणजे आमच्या गावी, फोन केला. बाबांनी गावजेवणासाठी मेंढासुद्धा हेरून ठेवला.

५ मार्च.
डिझाइन तयार. आपल्या किर्गिझांत ज्याला सात पूर्वज सांगता येत नाहीत, तो बेवारशी. मग बटणांनाच सवलत का? पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला सात पिढ्यांचा वारसा दिला. मूळपुरुषाला रंग दिला की सगळं खानदान रंगतं! बेगिमाय (टीममध्ये नवीन, अनुभव शून्य) म्हणते, दादा, एवढा पसारा कशाला, छोटे सुटे भाग करू आणि लागेल तिथे जोडू. हसलो.

११ मार्च.
गिऱ्हाइकाला औषध शोधायच्या चौकटीत माइकचं बटण हवंय. चौकट आणि बटण, दोघांचा आजोबा एकच. आपल्यात सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही, मग यांची कशी जुळवू? बेगिमाय म्हणाली, अहो, लग्न कशाला लावताय त्यांचं, बटण नुसतं चौकटीत बसवा की. बिश्केकच्या शहरी पोरींना खानदानाचं काही नाही. शेवटी बटणाचा सगळा कोड उचलून चौकटीत चिकटवला. तात्पुरता. उद्या नीट करणार.

१४ मार्च.
नीट करायला वेळ कुठाय? आता औषधाच्या चित्रावर बोट ठेवलं तरी ऑर्डर जायला हवी म्हणे. सोप्पं! ती शक्ती थेट मूळपुरुषाला बहाल केली. बेगिमाय म्हणाली, दादा, मग ती सगळ्यांनाच मिळेल. अगं, यालाच वारसा म्हणतात! संध्याकाळी लगमान नूडल्स, दोन वाडगे. कमावलेले.

१९ मार्च, दुपार.
डेमो झाला. दुकानवाल्या बाईंनी 'साठा संपला' या पाटीवर बोट ठेवलं. ऑर्डर गेली. किमतीवर ठेवलं. ऑर्डर. स्वतःच्या दुकानाच्या नावावर ठेवलं. ऑर्डर. बाई म्हणाल्या, मी नुसता हात लावतेय आणि हे मला दुकानासकट विकत सुटलंय! साहेब हसले नाहीत. ऑर्डरी मात्र भरपूर आल्या.

२४ मार्च.
प्रमुखपदी बेगिमाय. तात्पुरतं असावं. बाबांना अजून कळवलेलं नाही. मेंढा कापून झालाय, गाव जेवून गेलंय.

२६ मार्च.
प्रमुखबाईंनी पहिलं काम दिलं: जुन्या पिढ्या काढायच्या. घाई नाही, दादा, एकेक करून काढा, म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. पणतवंडांपासून सुरुवात केली. शेवटी मूळपुरुष. पुसला. ॲप चालू केलं. तिच्या सुट्या भागांवर छान चाललं. एकेक बटण दाबून पाहिलं. कुठेतरी काहीतरी अडेल असं वाटत होतं.