आधी सवयी, मग योगिनी

३ जानेवारी १९९४, सोमवार. पहाट.
(घड्याळात साडेआठ. पण थंडी आहे, म्हणजे पहाटच.)
एक तारखेला शनिवार आला. शनिवारी कुणी नवी सवय लावतं का? म्हणून आजपासून. पाचला उठणे. राग बंद. आबिड्सचा कॉम्प्युटर क्लास न चुकवणे. हे सगळं पक्कं झालं की मगच योगिनीला सांगणे. तोपर्यंत एक अक्षर नाही. ती क्लासच्या काउंटरवर बसते, पावती फाडताना खालचा ओठ चावते. अशा मुलीसमोर अर्धवट माणूस म्हणून जायचं नाही.
रोजनिशी मराठीत, कारण ती मराठी. मी इंग्लिश मीडियमवाला, ऱ्हस्व-दीर्घ माफ.

४ जानेवारी
आजोबा, म्हणजे आमचे नाना, सकाळीच सुरू झाले. काल पाहुण्यांनी विचारलं, कॉलेज कधी सोडलंस, मी म्हणालो, परसों. नाना म्हणतात, "अरे, दोन वर्षं झाली हॉल तिकीट फाडून! तुम्हा हैदराबादी पोरांचं परसों पार निजामापर्यंत मागे जातं."
फाडलं ते बरोबरच फाडलं. लेक्चरर भर वर्गात 'यूजलेस फेलो' म्हणाला होता.
नानांवर राग काढला नाही. दार आपोआप आपटलं.

७ जानेवारी
रागावर इलाज सापडला. पाण्याची बाटली. डोकं तापलं की एक घोट.
अफझलगंजला ऑटोवाला मीटर टाकायला नक्को म्हणाला. बाटली काढली. त्याच्यावर ओतली. तो म्हणाला, "क्या मियां, दिमाग गरम है तो अपने सर पे डालो ना!"
पद्धत बरोबर आहे. दिशा चुकली.

१४ जानेवारी, संक्रांत
योगिनीने काउंटरवर सगळ्यांना तिळगूळ दिला. मला म्हणाली, "विक्रम, तू दोन घे. तुला गोड बोलायची जास्त गरज आहे."
दोन! प्रमोदला एकच. माझा मित्र असून तो जळला.
तिथेच सांगून टाकणार होतो. पण पाचला उठणं अजून जमलेलं नाही. पाया कच्चा असताना स्लॅब कोण टाकतो?

२० जानेवारी
लक्ष्य सुधारून घेतलं. पाच महत्त्वाचे नाहीत, नेम महत्त्वाचा. रोज नऊ.
क्लासमध्ये सरांनी माझी फ्लॉपी सगळ्यांना दाखवली, व्हायरस म्हणाले. बाटली नेमकी घरी. खुर्ची ढकलून बाहेर आलो. योगिनी जिन्यापर्यंत मागे आली. "असा का रे तू? आता हेही सोडणार? शांत हो ना जरा."
'ना' म्हणाली. परक्या माणसाला कुणी 'ना' म्हणत नाही.
निषेध म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत क्लास बंद. हा खाडा धरायचा नाही.

२७ जानेवारी
प्रमोदने सुलतान बाजारात चहा पाजला. म्हणाला, "बोल के छोड दे मियां, कैकू लंबा कररा? तुझ्या सवयी लागेपर्यंत तिची पोरं शाळेत जातील." त्याला ध्येय नाही आयुष्यात, त्याला काय कळणार.
घरी जेवण गेलं नाही. उठताना प्रमोद माझ्याकडे बघत का नव्हता? तिच्याबद्दल त्याला काही ठाऊक आहे का?

२ फेब्रुवारी, बुधवार
क्लासला गेलो. काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स. विचारलं, कशाचे? योगिनी म्हणाली, "अरे, परसों माझा साखरपुडा..." आणि फोन वाजला. ती फोनवर. मी जिन्यावर. पेढा घेतला नाही.
परसों. म्हणजे शुक्रवार. म्हणजे अजून उद्याचा अख्खा दिवस हातात आहे. लोक एका दिवसात काय काय करतात.

३ फेब्रुवारी
पाचला उठलो! खराखुरा पाच. नानांनी विचारलं, "ताप आहे का रे?" रागावलो नाही. घोट. आई म्हणाली, देवाला दिवा लाव. लावला. घोट. दिवसभर कुणावर ओरडलो नाही. बाटली तीनदा भरावी लागली.
सगळ्या सवयी लागल्या. उद्या सकाळी तिच्या घरी. साखरपुड्याच्या आधी.

४ फेब्रुवारी, शुक्रवार
पाचला उठलो. पांढरा शर्ट. बाटली.
तिच्या दारात चपला नाहीत, गडबड नाही. तिची आई, मालनबाई, एकट्याच तांदूळ निवडत होत्या. योगिनी क्लासला गेलेली. मी म्हणालो, आज साखरपुडा ना? त्या हसल्या. "कसला आज बाळा, तो दिवाळीतच झाला की. परवाचे पेढे लग्नाची तारीख निघाली त्याचे."
दिवाळीत. म्हणजे मी संकल्प लिहायला बसलो, त्याच्या आधीच.
रागावलो नाही. राग आलाच नाही. घोट घ्यायचंही सुचलं नाही.
त्यांनी बसवलं, वाटीत पेढा दिला. विचारलं, कॉलेजात आहेस का? म्हणालो, सोडलं. कधी? तोंडातून आपोआप निघालं, परसों.
त्या उदगीरच्या. त्यांनी परसों म्हणजे परवाच धरलं. "मग काय बिघडलंय?" म्हणाल्या, "उद्याच जा, सरांच्या पाया पड. परवाचंच तर आहे, घेतील परत."
मी हौ म्हणालो आणि पेढा खाल्ला.