घटस्फोट माझा, कादंबरी त्याची

२ नोव्हेंबर, रविवार
आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांच्या कादंबरीची चौथी आवृत्ती निघाली. विषय: आईबापांच्या घटस्फोटात जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही अशी मुलगी. या गृहस्थाचा संसार सुरळीत, रोज बायकोच्या हातचा डबा. घटस्फोट माझा झाला, मुलगी मला, साहित्य शिकवतो मी, आणि कादंबरी याची! मी जळत नाही. फक्त वर्गात कादंबरीच्या तंत्राची चिरफाड करणार. संकल्प: रोज वीस पानं. प्रतीकांना पिवळी चिठ्ठी, निवेदनाला निळी.
लेक आली होती. आईकडे असते, दर रविवारी येते. चिठ्ठ्यांवर चित्रं काढून ठेवली. कामाचा खोळंबा.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सगळं मुलीच्या नजरेतून सांगितलंय. मोठ्यांचं बोलणं तिला अर्धवट ऐकू येतं, उरलेलं वाचकानं जुळवायचं. म्हणजे लेखक आळशी. प्रतीक काय, तर बूट! मुलगी बापाकडे बूट घालूनच बसते, कारण न्यायला कधीही येतील. ओढूनताणून आणलेलं. कुठलं मूल असं बसतं?

९ नोव्हेंबर, रविवार
लेक दिवसभर बूट घालून सोफ्यावर. कव्हर नवं आहे, म्हणून रागावलो. काहीतरी सांगायला लागली. एक मिनिट थांब म्हटलं, मी पान १३० वर होतो. मान वर केली तर दारात तिची आई, न्यायला आलेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
स्टाफरूममध्ये सरांना तोंडावर सुनावलं: बाप पटत नाही. पोर समोर असताना पुस्तकात डोकं खुपसणारा बाप असतो का कुठे?  त्यांनी तुमची मुलगी कितवीत, विचारलं. मी तिसरीत म्हणालो. ते हळूच म्हणाले, पाचवीत ना? त्यांच्या घरी मुलांचा गोष्टींचा वर्ग असतो, तिथे येते. खूप बोलते म्हणे. माझ्याकडे तर तोंडात मूग! आता हा मला माझ्याच मुलीची इयत्ता शिकवणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
संकल्प: उद्या पुस्तक बंद. लेकीला बागेत नेणार. सोबत फार तर एखादं प्रकरण.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०
लेकीचा फोन. आज येत नाही. सरांकडे जायचंय, गोष्ट पुरी करायचीय. पोटात दुखलं, खोटं कशाला लिहू? गोष्टीत बाबा आहेत का, विचारलं. म्हणाली, आहेत, पण ते अजून आलेले नाहीत.
किती लिहून झाली, विचारलं. शेवटचं पान चाललंय म्हणाली.