दोन राक्षस आणि तुमचा माईक

गुरुजी, तुमच्याविरुद्ध गेलेला तो निनावी अर्ज मी लिहिला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नास वर्षांहून जास्त लागली, आणि आता ते वाचायला तुम्ही नाही. त्यामुळे घाई कसलीच नाही. सगळं पहिल्यापासून सांगतो.

मी तुमचा विद्यार्थी होतो, आणि पुण्याहून शिक्षकाची बी.टी. पदवी घेऊन आल्यावर तुमच्याच शाळेत, तुमच्या शेजारच्या वर्गावर मराठी शिकवू लागलो. त्या वर्षी नंदुरबारच्या पत्र्याच्या थिएटरात एकामागून एक दोन इंग्रजी सिनेमे आले. पहिल्यात समुद्राच्या तळाला तेलासाठी भोक पाडतात आणि तिथून डोंगराएवढा खवल्यांचा प्राणी वर येतो. दुसऱ्यात आकाशातून पडलेल्या दगडातून सहा पायांचं काहीतरी निघतं आणि विजेच्या तारा शेवयांसारख्या ओढून खातं. दोन कंपन्यांचे दोन राक्षस. शाळेत लगेच दोन तट पडले. समुद्रवाल्यांनी वीजवाल्यांचे सदरे फाडले. म्हसावदचा एक मुलगा मात्र वीजवाल्याची कीव करायचा. "आमना गावमा ऊना तं उपाशी मरी जाई," म्हणायचा, कारण त्यांच्याकडे अजून तारा पोचल्याच नव्हत्या. तुम्ही भांडणं सोडवली नाहीत. तुम्ही फळ्यावर दोन्ही राक्षस काढले आणि मुलांना समजावलंत की उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं आणि पायांची ताकद चौपटच, म्हणून एवढ्या मोठ्या जनावराचे पाय पहिल्याच पावलाला मोडतील. "सिनेमात तो चालतो," तुम्ही म्हणालात, "माझ्या वर्गात पडतो." मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. इतकं साधं मला कधी शिकवता येणार, असं वाटल्याचं आठवतं.

मग त्या दोन कंपन्यांनी मिळून तिसरा सिनेमा काढला. त्यात दोघांची लढाई. गावभर पाट्या लागल्या, पण सगळं बोलणं इंग्रजीत, आणि बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला येणार बायाबापड्या, शेतमजूर, सातपुड्यातून उतरलेली माणसं. थिएटरच्या मालकाने तुम्हाला गळ घातली की पडद्याजवळ उभं राहून माईकवर गोष्ट समजावून सांगा. तुम्ही लगेच हो म्हणालात.

मी मागच्या बाकावर आहे. तुम्ही पडद्याच्या डाव्या बाजूला, धोतर आणि काळा कोट, हातात माईक. वर्गात तुमच्या तोंडून कधी एक शब्द अशुद्ध गेला नव्हता, आणि तुम्ही सरळ अहिराणीत सुरू करता. "दखा, हाऊ समिंदरना शे. त्यान्हं घर माणसेस्नी मोडी टाकं. आते तो जाई कथा? आनि हाऊ दुसरा आभाळमाईन पडना. त्याले बी आठे कोन्ही नही." एकाचं घर मोडलेलं, तो जाणार कुठे, आणि दुसऱ्याला इथे कुणीच नाही. पडद्यावर टोपीवाला लष्करी अधिकारी नकाशावर बोट ठेवून काहीतरी सांगतो. मला इंग्रजी कळत होतं. तो फक्त रस्त्याचं अंतर सांगत होता. तुम्ही सांगता की हा टोपीवाला दोघांना मुद्दाम एकमेकांच्या अंगावर घालतोय, म्हणजे दोघे मरतील आणि माणसं मोकळी होतील. थिएटर चिडीचूप होतं. दोघे भिडतात तेव्हा एकही शिट्टी वाजत नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहते आणि हात जोडून ओरडते, "गुरुजी, त्यास्ले सांगा ना, घर जा म्हनी!" तुम्ही माईक खाली घेता. कोटाच्या बाहीने डोळे पुसता. तेवढं मला लांबूनही दिसलं.

मला त्याचा राग आला, गुरुजी. पुण्यात वसतिगृहावर माझ्या तोंडून एकदा 'आहे'ऐवजी 'शे' गेलं होतं आणि वर्षभर मुलं मला त्याच नावाने हाक मारत होती. ती भाषा मी घासून घासून जिभेवरून काढली होती. आणि ज्यांच्याकडे बघून मी मास्तर झालो, ते चारचौघांत माईकवर तीच बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. विज्ञानाचे शिक्षक राक्षसांच्या खोट्या गोष्टी गावंढळ भाषेत सांगून शाळेची अब्रू घालवत आहेत, मूळ संवादांचा भलताच अर्थ लावत आहेत. खाली 'एक हितचिंतक'.

तुम्हाला बोलावलं, समज दिली, आणि माईक बंद झाला. पुढच्या बाजाराला तोच सिनेमा पुन्हा लागला होता, आणि मी गेलो. या वेळी लोक हसले, शेंगांची टरफलं पडद्यावर फेकली, समुद्रवाला मेला तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी डोंगरातला एक माणूस बायकोला घेऊन बसला होता. त्याने मला विचारलं, "दादा, तो काय सांगी ऱ्हायना?" मला इंग्रजी येत होतं आणि त्याची बोलीही. "मला माहीत नाही," मी म्हणालो. शुद्ध मराठीत म्हणालो.

जूनमध्ये तुमची लांब डोंगराकडच्या खापर गावातल्या शाखेवर बदली झाली. शिक्षा आहे असं कुणी म्हटलं नाही. तीन वर्षांनी मी तुम्हाला भेटायला आलो. खोकल्याने तुमची छाती भात्यासारखी वाजत होती. काकूंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि तुम्ही तिथल्या मुलांबद्दल भरभरून बोलत राहिलात. ती घरी भिली बोलतात, म्हणून तुम्हीच त्यांच्याकडून भिली शिकत होता. हात धुताना तुम्ही सहज म्हणालात, "तो अर्ज मला वाचायला दिला होता. भाषा उत्तम होती. मीच शिकवली असती तर इतकी चांगली आली नसती." तुम्ही हसत होता. रागावला असता तर मी पाय धरले असते. मी विचारलं, "कुठला अर्ज?" तुम्ही माझ्याकडे बघत पंचाला हात पुसलेत आणि बसची वेळ सांगितलीत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या सूचनाफलकावर कळलं.

हे पत्र कुणाकडे द्यायचं नाही. काकूही गेल्या, आणि तुमच्या मुलाला हे वाचायला देण्याची माझी हिंमत नाही. घडी करून ठेवीन. एक सांगायचं राहिलं. हे मी आधी अहिराणीत लिहायला बसलो होतो. तुमच्याशी तसंच बोलायला हवं होतं. "गुरुजी, मन्ही चूक" एवढं लिहिलं, आणि पुढचा शब्द सकाळभर बसूनही आठवला नाही.