गुळपोळ्या मी करणार नाही

११ जाने., रविवार
शाळेतून आले (इथे आखातात सुट्टी शुक्र-शनि) तोच वैशालीवहिनींचा फोन. मराठी मंडळाचं हळदीकुंकू शुक्रवारी, त्यांच्या घरी. "ताई, गुळपोळ्या तुमच्याच हातच्या हं. साठ पुरतील. मुक्ताबरोबर सकाळी पाठवून द्या."
म्हणजे पोळ्या याव्यात, मी येऊ नये. गेल्या वर्षी तेच. माझा नवरा अवि जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या ओट्याशी दुपारभर लाटत होते. बायका यायची वेळ झाली तशा वहिनी खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दमला असाल, घरी जाऊन पडा." मी घरी येऊन खरंच पडले. स्वतःचाच राग येतो त्याचा.
आज म्हटलं, "शुक्रवारी मी नाहीये. फिरायला चाललेय."
कुठे, ते मलाच माहीत नव्हतं.

१२ जाने.
हाइल ठरलं, उत्तरेकडचं वाळवंटातलं शहर. एकोणीस वर्षं इथे मलाझ वस्तीत काढली आणि अवि दर वर्षी म्हणायचा, पुढच्या हिवाळ्यात जाऊ. मु.ने शोधून दिलं. एकाच सहलीत जागा होती, जपानहून आलेल्या अकरा जणांची बस. "आई, दे आर ऑल लाइक सेव्हन्टी!" उत्तम. मु.ची परीक्षा आहे, ती खाली फरीदाभाभींकडे राहील. भाभी मूळच्या चिपळूणच्या. म्हणाल्या, "जा गो बाय, पोरीची काळजी करू नको."

१४ जाने.
संक्रांत. आठवीला वर्गमुळं शिकवून आले आणि लाडू वळले. पाक पुढे गेला, बोटं भाजली. डबा बॅगेत. कपाटात मागे पडलेला करंडाही टाकला. का टाकला ते विचारायचं नाही.

१५ जाने., गुरुवार
एक रजा घेतली. शेजारच्या सीटवर योशिकोसान, वय चौऱ्याहत्तर, बसताना मला वाकून नमस्कार, मग सीटलाही जवळजवळ. वाटाड्याचं नाव तुर्की, पण हाइलचाच मुलगा, कार्टून बघून जपानी शिकलाय. त्याने तोंड उघडलं की सगळे म्हातारे हसून बेजार. तो म्हणे लढाईवर निघालेल्या सरदारासारखा बोलतो. "यल्ला", म्हणजे चला, मात्र आता सगळ्यांना येतं. दहा मिनिटं थांबू म्हटलं की नवव्या मिनिटाला अकराच्या अकरा बसमध्ये. मी बारावी, धावत.
योशिकोसाननी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हजबंड? मी वर बोट दाखवलं. त्यांनीही वर बोट दाखवलं. "इलेव्हन इयर्स." मग पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि मोजून निम्मं मला दिलं. कसलं हळहळणं नाही, काही नाही.

१६ जाने., शुक्रवार
सकाळी जुब्बा नावाचं गाव. खडकांवर कोरलेली माणसं, उंट, लांब शिंगांची गुरं. थंडी अशी की नाक जागेवर आहे का ते चाचपावं. एका खडकावर ओळीने हात वर केलेली माणसं. नाचतायत की भांडतायत, तुर्की म्हणाला कुणालाच ठाऊक नाही. मला भांडणारी वाटली. आवडली.
परतताना घड्याळ बघितलं. चार. वहिनींकडे आता बायका जमल्या असतील.
बसमध्येच उभी राहिले आणि अकरांतल्या सहाही बायकांना माझ्या खोलीवर चहाला बोलावलं. बरोबर पाचला दार वाजलं, सहा जणी ओळीत. संक्रांतीला काळं नेसतात म्हणून सांगितलं, तर सगळ्या बाजारातून हौसेने घेतलेल्या काळ्या अबाया घालून आल्या! तिळगूळ दिला. हळदीकुंकू लावलं. तीन वर्षांत कुणाच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं.
माझ्याकडे वाण द्यायला काही नव्हतं. पण जपानी माणसाला काही दिलं की परत दिल्याशिवाय चैन पडत नाही. रुमाल, चहाच्या पुड्या, कागदाचा पक्षी, मोज्यांचा जोड. वाण मीच लुटलं.
योशिकोसान शेवटच्या. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. माझ्या हातातून करंडा घेतला, दोन बोटं बुडवली. मी म्हणाले, "नो, नो, मी... माय हजबंड..." त्यांनी पुन्हा वर बोट दाखवलं, मग स्वतःच्या कपाळाकडे. मला तू लावलंस ना? आणि लावलं. आधी कुंकू, मग हळद. क्रम उलटा. गणिताची बाई असूनही चूक दुरुस्त केली नाही.
रडले. सहा अनोळखी बायकांसमोर, भरपूर.

१८ जाने.
काल परत आले. तिथून पाठवलेला माझा कुंकू लावलेला फोटो मु.ने मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मला न विचारता. ओरडणार होते, ओरडले नाही.
वहिनींचा फोन. "ताई, हौस होती तर बोलायचंत. पण असं चारचौघांत... लोक काय म्हणतील?"
"लोक म्हणजे कोण, वहिनी? नाव सांगा, मी त्यांच्याशी बोलते."
"आमच्या सासूबाईंनी घालून दिलेलं मोडवत नाही हो मला," म्हणाल्या. आवाज बारीक होता. क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

२० जाने.
ग्रुपवर लिहिलं: रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं. शुक्रवारी पाच वाजता माझ्याकडे. सगळ्या बायकांनी यावं. 'सगळ्या' दोनदा लिहिलं.
चोवीस जणींनी वाचलं. उत्तर एकीचंही नाही. मु. म्हणते, "आई, व्हॉट इफ नोबडी कम्स?" मग तू, मी आणि चोवीस बशा.

२३ जाने., शुक्रवार
काळी साडी नेसले. मु.च्या हातून कुंकू लावून घेतलं, आधी कुंकू मग हळद, आता आमच्याकडे हाच क्रम. गुळपोळ्या नाहीत. पुन्हा करीन तेव्हा बसून खाईन. बाजारची बाकरवडी आणि लाडू.
फरीदाभाभी साडेचारलाच येऊन बसल्यात. "माका हळद नको गो, तिळगूळ दी."
पाच वाजून गेले. पाच वीस. भाभी तिसरा लाडू खातायत आणि मला धीर म्हणून मोठमोठ्याने बोलतायत. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलेय, नाहीतर दाराकडेच बघत बसेन.
वहिनींचा मेसेज आत्ता आला. दोनच शब्द: "कितवा मजला?" घर एकोणीस वर्षं माहीत आहे त्यांना. आणखी कुणाला आणतायत म्हणून विचारतायत, की खालच्या दारातूनच परत वळायला निमित्त शोधतायत?
मु. ओरडतेय, "आई, लिफ्ट थांबली!"
करंडा घेऊनच दार उघडते.